‘मेंदू खाणारा अमिबा’ वाचून घाबरलात? आधी विचारा, कोणता अमिबा?

केरळमध्ये २०२५ च्या पावसाळ्यात ‘मेंदू खाणाऱ्या अमिबा’च्या बातम्या सुरू झाल्या आणि बघता बघता त्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही पोहोचल्या. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्या वर्षात ६९ रुग्ण आणि १९ मृत्यू असे आकडे माध्यमांत आले होते. केरळच्या विधानसभेत त्यावर चर्चा झाली. नोव्हेंबरमध्ये शबरीमला यात्रेचा हंगाम सुरू झाला, तेव्हा कर्नाटकच्या आरोग्य विभागाने आपल्या भाविकांसाठी सूचनाच काढली, की आंघोळ करताना नाकात पाणी जाऊ देऊ नका.

या बातम्यांखालचे प्रश्न वाचले की गोंधळ कुठे आहे ते कळतं. पिण्याचं पाणी उकळलं की झालं ना? मुलाच्या स्टूल रिपोर्टमध्ये अमिबा आलाय, तो मेंदूत जाईल का? हा नवा व्हायरस आहे का? घरात एकाला झाला तर दुसऱ्याला होतो का?

विचारणाऱ्यांचा यात काही दोष नाही. ‘अमिबा’ हा शब्द आपण सगळे शाळेत शिकलो आणि शाळेने तो एका प्राण्याचं नाव असल्यासारखा शिकवला. प्रत्यक्षात हा शब्द एका आकाराचा आणि एका प्रकारच्या चालीचा आहे. ती चाल असणारे जीव एकमेकांचे नातलग असतीलच असं नाही. त्यांचे आजार वेगळे, शरीरात शिरायची वाट वेगळी, औषधं वेगळी आणि घ्यायची खबरदारी तर काही वेळा अगदी उलटी. बातमीत सगळ्यांना एकच नाव दिलं की वाचणारा एकाची भीती दुसऱ्याला लावतो आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर करतो.

‘अमिबा’ हे नाव आलं कुठून?

१७५५ मध्ये रोझेल फॉन रोझेनहोफ या जर्मन माणसाने गोड्या पाण्यातला एक सतत आकार बदलणारा सूक्ष्म जीव पाहिला आणि त्याचं चित्र काढलं. ग्रीक पुराणकथांमध्ये प्रोटियस नावाचा रूप बदलणारा समुद्रदेव आहे, त्याच्यावरून त्याने याला ‘छोटा प्रोटियस’ म्हटलं. पुढे १८२२ मध्ये बोरी द सँ-व्हँसाँ या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्याला ‘बदल’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिलं. गंमत म्हणजे त्याने लिहिलेलं नाव ‘अमिबा’च्या उच्चाराचंच होतं. आज इंग्रजीत रूढ असलेलं स्पेलिंग नंतर आलं. त्यामुळे मराठीतला ‘अमिबा’ मूळ नावाच्या जास्त जवळचा आहे, असं म्हणायला हरकत नाही.

म्हणजे पहिल्या दिवसापासून या नावात वंशाचा उल्लेख नाही. ‘जो बदलत राहतो तो’ एवढंच त्यात आहे.

मग सूक्ष्मदर्शक सुधारले आणि असे आणखी जीव दिसत गेले. पेशीतला द्रव एका बाजूला ढकलायचा, तिथे बोटासारखा फुगवटा काढायचा आणि त्याच्या मागोमाग स्वतः सरकायचं, अशी त्यांची चाल. या फुगवट्यांना आपल्या पाठ्यपुस्तकात ‘छद्मपाद’ म्हणतात, म्हणजे खोटे पाय. छद्मपाद असलेले सगळे जीव एका मोठ्या गटात टाकले गेले. सार्कोडिना हे त्या गटाचं नाव जुन्या पिढीतल्या बीएस्सीवाल्यांना आठवत असेल. वर्गीकरण दिसण्यावरून व्हायचं, त्यामुळे तेव्हाच्या हिशेबाने ते बरोबरच होतं.

हे वर्गीकरण पुढे टिकलं नाही. आधी पेशीच्या आतली रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागली. मग जनुकांची तुलना करता येऊ लागली. तेव्हा कळलं, की छद्मपादांवर चालायची ही युक्ती सजीवांच्या अनेक शाखांमध्ये वेगवेगळी दिसते. पक्षी उडतो, वटवाघूळ उडतं आणि फुलपाखरूही उडतं. तिघांना ‘उडणारे’ म्हणता येतं, पण एका घराण्याचे म्हणता येत नाही. तसंच हे.

म्हणून आज जीवशास्त्रात दोन शब्द वेगळे ठेवले जातात. एक ‘अमिबॉइड’, म्हणजे अमिबासदृश. हे विशेषण आहे, ते फक्त आकार आणि हालचाल सांगतं. दुसरा ‘अमिबोझोआ’. हे एका खऱ्याखुऱ्या घराण्याचं नाव आहे आणि शाळेतला अमिबा प्रोटियस त्या घराण्यात बसतो. अमिबॉइड असलेला प्रत्येक जीव अमिबोझोआतला नसतो. तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंचा पाठलाग करतात तो छद्मपाद काढूनच करतात. त्यांची हालचाल अमिबॉइड असते. म्हणून कुणी म्हणत नाही, की आपल्या अंगात अमिबा फिरतायत.

मग मेंदूत शिरणारा तो कोण?

त्याचं नाव नेग्लेरिया फाउलेरी. शास्त्रीयदृष्ट्या तो अमिबोझोआ घराण्यातला नाही. त्याचा गट हेटेरोलोबोसिया या नावाने १९८५ मध्ये वेगळा काढला गेला. नात्याने तो युग्लीनाच्या बाजूचा आहे. आठवीच्या विज्ञानात अमिबा आणि पॅरामेशियमच्या शेजारी ज्याचं हिरवं चित्र असायचं, तोच युग्लीना. काळा आजार करणारा लिशमानिया परजीवीही याच मोठ्या शाखेचा. सध्याच्या वर्गीकरणानुसार तर शाळेतला अमिबा नेग्लेरियापेक्षा माणसाला जास्त जवळचा आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण प्राणी, बुरशी आणि अमिबोझोआ हे सजीवांच्या वृक्षाच्या एका बाजूला येतात आणि नेग्लेरिया दुसऱ्या बाजूला.

नेग्लेरियाची तीन रूपं असतात. परिस्थिती वाईट झाली की तो कवच करून पुटी बनतो. खायला मिळालं की अमिबासारखा सरपटतो. अन्न संपलं की काही काळ दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे धागे काढून पाण्यात पोहतो. तिसरं रूप अ‍ॅकँथअमिबासारख्या अमिबोझोआतल्या नातेवाइकांना जमत नाही. प्रयोगशाळेत याचा फायदा घेतात. संशयित नमुना ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवायचा आणि काही तास वाट बघायची. कशाभिका फुटल्या तर नेग्लेरियाचा संशय बळकट होतो. आज खात्री करायला पीसीआर चाचणी आहे, पण ही जुनी युक्ती मला फार आवडते. ‘तू खरंच अमिबा आहेस का?’ हा प्रश्न थेट त्यालाच विचारण्यासारखं आहे ते.

‘मेंदू खाणारा’ या विशेषणाबद्दलही दोन शब्द. एरवी हा जीव कोमट गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत जिवाणू खाऊन जगतो. ४५ अंश सेल्सियसच्या आसपासचं तापमानही त्याला सोसतं. माणसाच्या मेंदूच्या शोधात तो नसतो, तिथे पोहोचणं हा त्याच्या दृष्टीने अपघात आहे. पाणी जोरात नाकात गेलं, की वास ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटेने तो वर जातो. नाक आणि मेंदू यांच्यामध्ये चाळणीसारखं पातळ हाड आहे, त्याच्या छिद्रांतून आत शिरतो. तिथे तो ऊतींचा नाश करतोच. पण शरीराने केलेला प्रतिकार, त्यातून आलेली सूज आणि कवटीतला वाढलेला दाब हेही तितकेच घातक ठरतात. ‘खाणारा’ म्हटलं की क्लिक वाढतात. ‘नाकातून शिरणारा’ म्हटलं असतं तर निदान वाचणाऱ्याला काय जपायचं ते कळलं असतं.

तो व्हायरस नाही आणि जिवाणूही नाही. एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. पाणी प्यायल्याने होत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो टिकत नाही.

नावाचा घोळ पहिल्याच दिवसापासून

हा गोंधळ फक्त आपल्या ग्रुपमधला नाही. १९६५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये माल्कम फाउलर आणि रॉडनी कार्टर या डॉक्टरांनी काही विचित्र मृत्यूंचा अहवाल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. दिसायला सगळं जिवाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वरासारखं होतं, पण जिवाणू सापडत नव्हते. सापडले ते अमिबासारखे जीव. आता हे कोण? त्या अहवालाच्या शीर्षकातच ‘बहुधा अ‍ॅकँथअमिबा’ असं लिहिलं होतं.

त्याला कारणही होतं. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत क्लाइड कल्बर्टसन यांना पोलिओ लसीच्या कामासाठी वाढवलेल्या पेशींमध्ये अ‍ॅकँथअमिबा शिरलेला आढळला होता. प्रयोगात तो उंदरांच्या मेंदूवर हल्ला करतो हेही दिसलं होतं. त्यामुळे मेंदूत अमिबासारखं काही दिसलं की डोक्यात तेच नाव येणं स्वाभाविक होतं. पुढच्या अभ्यासातून तो नेग्लेरिया निघाला आणि १९७० मध्ये कार्टर यांनी सहकाऱ्याच्या सन्मानार्थ या जातीला ‘फाउलेरी’ हे नाव दिलं.

ओळख पटल्यावर उपायही नेमका सापडला. तिथल्या काही गावांना वाळवंटी उन्हातून जमिनीवरून टाकलेल्या लांबच लांब नळांनी पाणी यायचं. ते वाटेतच तापायचं आणि त्यातलं क्लोरीन उडून जायचं. नेग्लेरिया क्लोरीनला दबतो. नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत क्लोरीन राहील अशी व्यवस्था केल्यावर तिथले रुग्ण थांबले. समजा तो खरंच अ‍ॅकँथअमिबा असता तर? त्याच्या पुटी क्लोरीनला भलत्याच चिवट असतात. मग हा उपाय इतका चालला नसता.

भारतातही हा आजार कालपरवा आलेला नाही. दोन भारतीय मुलांमधल्या या आजाराची नोंद १९७१ सालची आहे. केरळमध्ये पहिला रुग्ण २०१६ मध्ये आलप्पुळात आढळला.

९७ टक्के की २४ टक्के?

आता केरळच्या आकड्यांकडे येऊ, कारण शब्दाची खरी किंमत तिथे कळते.

जगभर या आजारात ९७ टक्के रुग्ण दगावतात आणि केरळने हे प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास आणलं, असं राज्य सरकारकडून सांगितलं गेलं. समाजमाध्यमांवर त्याचे दोन तट पडले. एका गटाला हा केरळच्या आरोग्यव्यवस्थेचा चमत्कार वाटला आणि दुसऱ्याला आकड्यांची फिरवाफिरव. दोन्हीकडच्यांनी ‘अमिबा’ हा शब्द मात्र तपासला नाही.

९७ टक्क्यांचा आकडा नेग्लेरियाचा आहे. अमेरिकेत १९६२ ते २०२३ या काळात त्याच्या १६४ रुग्णांची नोंद झाली आणि त्यातले चारच वाचले. केरळ सरकार मोजतं ते ‘अमिबिक मस्तिष्कज्वर’, म्हणजे अमिबासदृश जीवांमुळे होणारा मेंदूज्वर. या मोजणीत नेग्लेरिया आहे, तसाच अ‍ॅकँथअमिबाही आहे. म्हणजे एका बाजूला एका जीवाचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला दोन-तीन जीवांची बेरीज. ही तुलना सरळ नाही.

पण म्हणून केरळचं श्रेय काढून घ्यायलाही मी तयार नाही. अ‍ॅकँथअमिबाचा मेंदूज्वर काही सौम्य नसतो, जगभरात तोही बहुतेकदा जीवघेणाच ठरलाय. फरक एवढाच, की नेग्लेरिया लक्षणं दिसल्यापासून काही दिवसांत संपवतो आणि अ‍ॅकँथअमिबा आठवडे किंवा महिने घेतो. म्हणजे शोधलं तर वेळ मिळतो आणि केरळने शोधायला सुरुवात केली. मेंदूज्वराचं कारण कळत नसेल तर पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात अमिबाही तपासायचा, अशी सवय तिथल्या डॉक्टरांना लावली गेली. २०२४ मध्ये राज्याने या आजारासाठी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मिल्टेफोसिन हे औषध हाताशी ठेवलं. त्याच वर्षी कोझिकोड जिल्ह्यातला १४ वर्षांचा एक मुलगा नेग्लेरियातून वाचला. लक्षणं वेळेत ओळखली गेली आणि उपचार लगेच सुरू झाले, हे त्यामागचं मोठं कारण होतं.

मिल्टेफोसिन हे मूळचं कर्करोगासाठी तपासलेलं आणि पुढे काळ्या आजारासाठी वापरात आलेलं औषध. नेग्लेरिया आणि काळ्या आजाराचा परजीवी हे लांबचे नातलग, असं वर म्हटलंय. पण औषध लागू पडतं ते नात्यामुळे असा निष्कर्ष काढू नका. तेच औषध अ‍ॅकँथअमिबावरही देतात.

जास्त तपासलं की रुग्ण जास्त सापडतात, हेही लक्षात घ्यायला हवं. पूर्वी कारण न कळलेला मेंदूज्वर म्हणून जे मृत्यू नोंदले जायचे, त्यातले काही आता नावानिशी नोंदले जात असतील. याचा अर्थ वाढ निव्वळ कागदावरची आहे असाही नाही. पाणी तापतंय, उथळ जलसाठे गाळाने भरतायत, घरोघरी विहिरी आहेत. २०२५ मध्ये रुग्ण एका तळ्याशी जोडलेले न सापडता विखुरलेले सापडले आणि पोहायला कधीच न गेलेल्या तान्ह्या बाळाचाही त्यात मृत्यू झाला. संशय घरच्या विहिरीच्या पाण्यावर गेला. म्हणूनच ऑगस्टच्या अखेरीस केरळने विहिरी आणि टाक्यांमध्ये क्लोरीन टाकण्याची मोहीम हाती घेतली. पण या दोन कारणांपैकी कशाचा वाटा किती हे समजून घ्यायचं, तर प्रत्येक रुग्णापुढे नुसतं ‘अमिबिक’ न लिहिता जीवाचं नाव लिहिलेली आकडेवारी लोकांसमोर यायला हवी. माध्यमांनी मागावी अशी ती पहिली गोष्ट आहे.

पोटातला ‘अमिबा’ वेगळा

महाराष्ट्रात ‘मला अमिबाचा त्रास आहे’ असं कुणी म्हणालं तर तो पोटाबद्दल बोलत असतो. पोटात मुरडा येतो, आव पडते, कधी रक्त जातं. हा अमिबा म्हणजे एंटअमिबा हिस्टोलिटिका. १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमधल्या लोश या डॉक्टरने रुग्णाच्या शौचात तो पाहिला. हा मात्र अमिबोझोआ घराण्यातलाच आहे.

याची वाट तोंडातून. शौचातून बाहेर पडलेल्या पुटी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांमधून पोटात जातात. नेहमीच्या प्रमाणातलं क्लोरीन या पुटींना पुरतं मारत नाही, उकळणं मात्र मारतं. मेट्रोनिडाझोलची गोळी घराघरात माहीत आहे ती याच्यासाठी. नेग्लेरियाच्या उपचारात त्या गोळीला जागा नाही.

आता दोघांना शेजारी ठेवून बघा. पोटातल्या अमिबासाठी पिण्याचं पाणी उकळायचं, तळ्यात पोहताना नाकात पाणी गेलं तर त्याने काही बिघडत नाही. नेग्लेरियासाठी पिण्याच्या पाण्याचा प्रश्नच नाही, सगळी काळजी नाकाची. ‘अमिबापासून सावध राहा, पाणी उकळून प्या’ असा मेसेज पुढे पाठवणारा माणूस चांगलाच सल्ला देत असतो, पण तो केरळच्या आजारावरचा नसतो. वाईट हे, की तो वाचून घरातले लोक निर्धास्त होतात आणि सकाळी नळाचं पाणी तसंच जलनेतीच्या भांड्यात भरतात.

मुलाच्या स्टूल रिपोर्टमुळे घाबरलेल्या आईवडिलांना सरळ उत्तर द्यायचं तर, तो नेग्लेरिया नाही आणि तो पोटातून नेग्लेरिया होणार नाही. हिस्टोलिटिका यकृतात जाऊन गळू करू शकतो, हा आपल्याकडे माहितीतला आजार आहे. तिथून मेंदूपर्यंत पोहोचल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत, पण अत्यंत दुर्मीळ. शिवाय या रिपोर्टमध्येही नावाची एक मेख आहे. एंटअमिबा डिस्पार नावाचा एक निरुपद्रवी भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब हिस्टोलिटिकासारखाच दिसतो. १९९३ मध्ये या दोन स्वतंत्र जाती असल्याचं मान्य झालं. त्यामुळे कसलाही त्रास नसताना नुसत्या ‘पुटी दिसल्या’ एवढ्यावर गोळ्या सुरू करण्यापेक्षा डॉक्टरांना विचारलेलं बरं.

अ‍ॅकँथअमिबाची आणखी एक ओळख नेत्रतज्ज्ञांना आहे. माती, धूळ, नळाचं पाणी अशा सगळीकडे तो असतो आणि बहुतेकांना काहीच करत नाही. मेंदूचा आजार तो प्रामुख्याने प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना करतो. डोळ्याच्या बुबुळाला मात्र तो धडधाकट माणसातही इजा करतो. कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने धुणाऱ्यांना आणि लेन्स लावून पोहणाऱ्यांना याचा धोका आहे. भारतात लेन्स न वापरणाऱ्यांमध्येही हा संसर्ग बराच आढळतो. शेतात काम करताना डोळ्यात काडी-कचरा जातो, मग गढूळ पाण्यानेच डोळा धुतला जातो. हे कुठल्याही ‘मेंदू खाणाऱ्या अमिबा’च्या रीलमध्ये येत नाही.

आपल्याकडे काय बघायचं?

उन्हाळ्यात विहिरीत सूर मारणारी पोरं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. लाखो लोक गोड्या पाण्यात पोहतात आणि त्यांना काही होत नाही, हा आजार दुर्मीळच आहे. त्यामुळे पोहणं बंद करा असं सांगण्यात अर्थ नाही. पाणी उथळ, तापलेलं, हिरवट आणि साचलेलं असेल तर उडी मारू नये, डोकं बुडवू नये, तळचा गाळ ढवळू नये. नाकाला क्लिप लावली तर उत्तम. सोसायटीच्या किंवा रिसॉर्टच्या तलावात क्लोरीन किती आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि तलाव नीट सांभाळणारा माणूस ते लगेच सांगतो. गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकायला हरकत नाही, नाक पाण्याच्या वर असू द्या.

जलनेतीबद्दल जास्त स्पष्ट बोलायला हवं. कारण पोहताना नाकात पाणी चुकून जातं आणि नेतीत आपण ते मुद्दाम घालतो. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०११ मध्ये दोन जणांचा नेग्लेरियाने मृत्यू झाला. दोघेही नाक धुण्यासाठी नेतीच्या भांड्यात घरच्या नळाचं पाणी वापरत होते. कराचीतही नळाचं पाणी नाकात घेण्याशी जोडलेले रुग्ण आढळले आहेत. म्हणजे पाणी तळ्याचंच असायला हवं असं नाही. नेतीसाठी पाणी किमान एक मिनिट खळखळ उकळायचं आणि झाकून कोमट होऊ द्यायचं. मीठ टाकल्याने पाणी निर्जंतुक होत नाही. गिझरचं गरम पाणी म्हणजे उकळलेलं पाणी नव्हे. भांडंही दरवेळी धुऊन कोरडं करून ठेवायचं. नेती शिकवणाऱ्या वर्गांमध्ये मीठ किती आणि मान किती वाकवायची हे बारकाईने सांगितलं जातं, पाणी कुठलं हे त्याच्याआधी सांगायला हवं.

पाणी नाकात गेल्यानंतर साधारण एक ते बारा दिवसांत लक्षणं सुरू होतात. तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मग मान आखडणं, गोंधळल्यासारखं होणं, झटके येणं. सुरुवातीला हा अगदी नेहमीच्या मेंदूज्वरासारखा दिसतो आणि डॉक्टर आधी त्याच दिशेने जाणार, ते बरोबरही आहे. अमिबा तपासायचं त्यांच्या मनात यावं, यासाठी रुग्णाच्या घरच्यांनी एक माहिती न विचारता द्यावी: गेल्या दोन आठवड्यांत हा कुठे पोहला, कुठे डुबकी मारली, नाक कशाने धुतलं. केसपेपरवर ते लिहून घ्यायला सांगा.